तात्पुरत्या फाइलींचा कायमचा मुक्काम

शेल स्क्रिप्टमध्ये तात्पुरती फाइल हवी आहे? नावासाठी डोकं शिणवू नका. स्लॅश टेंप, स्लॅश डेटा डॉट टीएक्सटी. झालं. टेंप हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, ते सगळ्यांचंच असतं. त्यावरची 'स्टिकी बिट' नावाची परवानगीची खूण दुसऱ्याची फाइल उडवू देत नाही इतकंच; एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी त्याच नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी पाटी, आधी टाकून ठेवायला कुणाची ना नाही. मग तुमची स्क्रिप्ट ती लिंक नेईल तिथली फाइल निमूटपणे पुसून काढेल. नवं लिनक्स अशा लिंकमागे जायला बहुधा नकार देतं, पण तो त्याचा आगाऊपणा.

फारच भीती वाटली तर नावाला दोन डॉलर जोडा. तिथे प्रोसेसचा, म्हणजे चालू स्क्रिप्टचा, नंबर येतो. तो चालू प्रोसेसची यादी देणारी पीएस कमांड मारणाऱ्या कुणालाही दिसतो, आणि पुढचा कोणता येईल तेही साधारण कळतं. गोपनीयता म्हणतात ती हीच.

एमकेटेंप या कमांडपासून मात्र चार हात लांब राहा. ती बाई कुणाला सुचणार नाही असं नाव काढते, त्याच क्षणी फाइल बनवते आणि वर 600 परवानगी लावते, फक्त मालकाने वाचावं-लिहावं अशी. म्हणजे पगाराची सीएसव्ही शेजारच्या टेबलाला वाचताच येणार नाही. इतका परकेपणा बरा नव्हे.

साफसफाई शेवटच्या ओळीत लिहा. स्क्रिप्ट मधेच मेली तर ती ओळ येतच नाही, चला, तेवढंच काम वाचलं. 'एक्झिटवर ट्रॅप लावा, म्हणजे स्क्रिप्ट मधेच संपली तरी साफसफाई होईल' म्हणणारे भेटतील. त्यांना ठणकावून सांगा की प्रोसेसला जबरदस्तीने मारणाऱ्या किल -9 पुढे ट्रॅपचंही काही चालत नाही. ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारा क्रॉन दर 5 मिनिटांनी असेल तर दिवसाला 288 फाइली जमतील. रिकाम्या असल्या तरी प्रत्येक जण एक आयनोड, म्हणजे फाइलीच्या नोंदीची मोजकी असलेली जागा, खातो. एके दिवशी 'नो स्पेस लेफ्ट' येईल आणि डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ -एच मध्ये डिस्क अर्धी मोकळी दिसेल. आयनोड मोजणारी डीएफ -आय मारू नका, उगाच उलगडा होईल.

आणि डिलीट करायचंच तर न विचारता सगळं उडवणारी आरएम -आरएफ, पुढे व्हेरिएबल, मग स्लॅश आणि स्टार. व्हेरिएबल रिकामं आहे का, हे बघत बसू नका; रिकामं असलं तर उरतं नुसतं स्लॅश आणि स्टार, म्हणजे मुळापासून सगळं. 2015 मध्ये गेम विकणाऱ्या स्टीमच्या लिनक्स स्क्रिप्टने बघितलं नव्हतं. एका वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीसकट जोडलेल्या एक्स्टर्नल ड्राइव्हवरच्या फाइलीही गेल्या. रूट, म्हणजे सगळ्यात वरचं फोल्डर, वाचवणारी आरएमची सोयही कामी येत नाही, कारण स्टारच्या जागी आतल्या सगळ्यांची नावं शेल आधीच भरून देतो. महिरपी कंसात नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह टाकलं की रिकाम्या व्हेरिएबलवर स्क्रिप्ट तिथेच थांबते. पण थांबली तर जॉब वेळेत कसा संपणार? त्यापेक्षा स्टीमवाल्यांसारखं करा: त्यांनी त्या ओळीवर 'स्केअरी!' अशी कॉमेंट लिहून ठेवली होती.