ओटीचा नारळ आणि केबिन बॅगेची मिजास

आज दुपारच्या विमानाने पुण्याहून इंदूरला परतले आणि चहा टाकण्याआधीच हे लिहायला बसले आहे, कारण चहा पोटात गेला की माझा राग ओसरतो आणि मग लिहिणे होत नाही.

झाले असे की माझे आसन सातव्या रांगेत होते. मी तिथे पोहोचले तेव्हा डोक्यावरच्या कप्प्यात चाकांची एक ताठ बॅग, तिच्याशेजारी फुगलेली पाठपिशवी आणि त्यावर नीट घडी घातलेले जाकीट असा एकाच माणसाचा संसार थाटलेला होता. हा गृहस्थ, तिशीच्या आतबाहेरचा, बसला होता मात्र बाविसाव्या रांगेत. उतरताना जाता जाता सामान उचलता यावे म्हणून त्याने आमच्या डोक्यावरची जागा आधीच धरून ठेवली होती. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा होते. त्यांच्याजवळ एवढीशी कापडी पिशवी होती, तीत औषधे, चष्म्याचे घर आणि पाण्याची बाटली. पायाशी ठेवावी तर गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, पाय दुमडत नव्हता. शेवटी हवाईसुंदरीने ती पिशवी मागे सोळाव्या रांगेवर जागा शोधून ठेवली. विमान उतरल्यावर आजोबांना उलट्या दिशेने जाता येईना, म्हणून सगळे विमान रिकामे होईपर्यंत ते बिचारे पिशवीची वाट पाहत बसून राहिले. आणि तेवढ्यात आमचा हा शूर वीर मधल्या वाटेत उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता, की मी कधीच सामान चेक-इन करत नाही, सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळणाऱ्यांतला मी नाही.

पट्ट्यापाशी ताटकळणाऱ्यांतली मी आहे. त्यामुळे ते वाक्य मला लागले.

केबिन बॅगेवर प्रवास करणे ही गेल्या काही वर्षांत सोय राहिलेली नाही, ती मिजास झाली आहे. जो माणूस सामान खाली विमानाच्या पोटात देतो तो गबाळा, आणि जो सगळे डोक्यावर कोंबतो तो सुटसुटीत, हुशार, वेळेची किंमत जाणणारा, असा एक समज पसरला आहे आणि आपली शिकलेली मुले तो अभिमानाने मिरवत आहेत. देशातल्या साध्या तिकिटावर साधारणपणे १५ किलो खाली देता येते आणि ७ किलो हातात ठेवता येते. ते १५ किलो तिकिटाच्या पैशांतच आलेले असतात. ते सोडून द्यायचे आणि हातातल्या ७ किलोचे १२ किलो करून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचे, याला सुटसुटीतपणा म्हणत असतील तर मी गबाळीच बरी.

मुळात आपल्या घरांत रिकाम्या हाताने कोणी कोणाकडे जात नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. इंदूरहून निघताना शेव, जिरावण आणि जावेने दिलेला एखादा डबा घेतल्याशिवाय आपले पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि माहेराहून परतताना तर बॅगेचे वजन आपल्या हातात नसतेच. ते आईच्या हातात असते.

इथे मला २०१९ सालच्या नारळाविषयी लिहिलेच पाहिजे. त्या चैत्रात मी पुण्याला हळदीकुंकवाला गेले होते. माझ्या चिरंजीवांनी बंगळुरूहून फोनवर बजावले होते, की आई, या वेळी फक्त केबिन बॅग, पट्ट्यावर उगाच वीस मिनिटे जातात. मी ऐकले. परतीच्या सकाळी आईने देवापुढे पाटावर बसवून ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, लाल खण आणि शेंडीचा नारळ, त्यावर तिच्या बोटांचे हळदीकुंकू. ते सगळे मी हातातल्या बॅगेत ठेवले आणि विमानतळावर तपासणीच्या यंत्रात तो नारळ पडद्यावर गोल, काळा दिसला. बॅग बाजूला घेतली गेली. तिथला जवान सभ्य होता, त्याने हात जोडून सांगितले की नारळ आत जाणार नाही. परत जाऊन खाली द्यावा म्हटले तर सामानाचा काउंटर तोवर बंद झालेला होता. बाजूच्या निळ्या टबात कात्र्या, लायटर आणि आधीचे तीन नारळ पडलेले होते. माझा चौथा. शेंडी वर करून मी तो ठेवला आणि मागे वळून पाहिले नाही.

रात्री आईचा फोन आला, नारळाचे काय केलेस? मी म्हणाले, वड्या केल्या. तिने विचारले, साखर किती घातलीस? मी म्हणाले, वाटीला पाऊण. त्यावर तिने, मग जरा कमीच गोड झाल्या असतील, असा निकालही दिला.

नियमाला कारण आहे, हे मला नंतर कळले आणि ते मी नाइलाजाने मान्यही करते. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते, ते साठ्यात आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीच्या वर्गीकरणात खोबरे स्वतःहून पेटणाऱ्या पदार्थांत, ४.२ या वर्गात बसते. प्रवासी कक्षात मात्र ओला की सुका असा भेद कोणी करत बसत नाही, तिथे नारळ म्हणजे नारळ. ऑक्टोबर २०२४मध्ये शबरीमलेला जाणाऱ्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून न्यायच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ हातातल्या सामानातून नेण्याची २० जानेवारी २०२५पर्यंत सवलत मिळाली, ती बातमी वाचून मला खरोखर आनंद झाला. अय्यप्पाच्या नारळाला वाट मिळाली हे चांगलेच झाले. लेकीच्या ओटीतल्या नारळालाही कोणी अशी एखादी तारीख नेमून द्यावी, एवढे मात्र मनात येऊन गेले. असो.

हा केबिन बॅगेचा सोस आला कुठून? चाकांची, उभी धरून ओढायची बॅग १९८७ साली रॉबर्ट प्लाथ नावाच्या अमेरिकी वैमानिकाने तयार केली. तो आणि त्याचे सहकारी चार दिवस विमानातून फिरणारे, त्यांना ती सोयीचीच होती. पुढे २००८मध्ये तिकडच्या मोठ्या कंपन्यांनी खाली दिलेल्या पहिल्या बॅगेचेही पैसे घ्यायला सुरुवात केली, आणि पैसे वाचवायला लोक सगळे वर कोंबू लागले. म्हणजे तिकडच्या लोकांचा तो नाइलाज होता. आपल्याकडे १५ किलो तिकिटातच मिळत असताना आपण त्यांचा नाइलाज उचलला आणि त्याला शैली म्हणू लागलो! हे लिहितानासुद्धा माझा राग पुन्हा वर येतो आहे.

आणि हा प्रश्न फक्त जागेचा नाही. बॅग डोळ्यांआड करवत नाही ही सवय एकदा जडली की ती जिवावरही बेतू शकते. ३ ऑगस्ट २०१६ला तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेले विमान धावपट्टीवर घसरून पेटले. आतला धूर, आरडाओरडा आणि त्यातही वरचे कप्पे उघडून बॅगा ओढणारे लोक यांचे चित्रण तेव्हा सगळ्यांनी पाहिले. विमानातले ३०० जण वाचले, पण आग विझवायला आलेला एक अग्निशमन जवान गेला. याच्या उलट २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपानी विमान पेटले, तेव्हा ३७९ माणसे सामानाला हात न लावता बाहेर पडली आणि सगळी वाचली. आजचा तो बाविसाव्या रांगेतला मुलगा अशा वेळी काय करील, हे मला विचारू नका. तो माणसांच्या लोंढ्याला अडवून सातव्या रांगेपाशी थांबेल, कारण त्याचे सगळे जग तिथे आहे.

खाली दिलेल्या बॅगा हरवतात, हे खरे आहे. आमच्या घरातल्या एका लग्नात माझ्या बहिणीची बॅग तिच्यानंतर दोन दिवसांनी पोहोचली आणि तिने सीमांतपूजनाला माझी साडी नेसली. ती साडी तिने अजून परत केलेली नाही, हा भाग वेगळा. औषधे, दागिने, कागदपत्रे हातातच हवीत. पॉवर बँक तर नियमानेच हातात ठेवावी लागते, कारण ती पेटली तर खाली सामानाच्या कोठारात विझवायला कोणी नसते. जानेवारी २०२५मध्ये बुसानला एक विमान उभ्या उभ्या जळाले, त्यानंतर दक्षिण कोरियाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवायला मनाई केली. हे सगळे एका हातपिशवीत बसते. त्याला ताठ बॅग, पाठपिशवी आणि जाकीट लागत नाही. तान्हे मूल घेऊन एकटीने जाणाऱ्या बाईने वाटेल तेवढे सामान वर ठेवावे, तिच्यासाठी मी माझा कप्पा रिकामा करून देईन. एका दिवसात जाऊन परत येणाऱ्यांशीही माझे भांडण नाही.

चिरंजीवांच्या त्या वीस मिनिटांशी मात्र आहे. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोने फेब्रुवारी २०२४मध्ये सात विमान कंपन्यांना बजावले, की विमान थांबल्यापासून तीस मिनिटांच्या आत शेवटची बॅग पट्ट्यावर आली पाहिजे. इंदूरचा विमानतळ आटोपशीर आहे, इथे माझ्या अनुभवात तेवढी वेळ क्वचितच येते. पण समजा लागली तीस मिनिटे, तर त्या तीस मिनिटांत तुम्ही कोणता गड सर करणार होता? ती मिनिटे वाचवायला निघाले म्हणून माझा नारळ त्या निळ्या टबात राहिला आणि सहा वर्षे मी माझ्या आईला वड्यांचे खोटे सांगत आले. ती दर चैत्रात त्या वड्यांचा विषय काढते. वाटीला पाऊण साखर कमीच पडते, पुढच्या वेळी पूर्ण घाल, असे म्हणते, आणि मी बरं म्हणते.

या वेळी मी चिरंजीवांचे ऐकले नाही. आई आता शहाऐंशीची आहे, पाटावर बसवून ओटी भरणे तिला जमत नाही, खुर्चीत बसूनच भरली. हातही थरथरतो, त्यामुळे कुंकू नारळाच्या शेंडीवर कमी आणि माझ्या पदरावर जास्त सांडले. नारळ मी दोन साड्यांच्या मध्ये गुंडाळला आणि मोठ्या बॅगेत तळाशी ठेवला. काउंटरवरच्या मुलीने नेहमीप्रमाणे विचारले, काही ज्वलनशील, पॉवर बँक, नारळ? मी खरे ते सांगितले. तिने विचारले, ओला की सुका?

इंदूरच्या बाईला हा प्रश्न! आम्ही रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीपुढे ओला आणि सुका वेगळा करून उभ्या राहणाऱ्या बायका. मी बॅग उघडली, साड्यांतून नारळ काढला आणि तिच्या कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुचमळले. ती हसली, म्हणाली, ठेवा. काट्यावर बॅग भरली १४ किलो ६०० ग्रॅम.

इंदूरला पट्ट्यापाशी मी उभी राहिले, ताटकळणाऱ्यांत. आजोबांना तोवर चाकाच्या खुर्चीवरून आणले होते, पिशवी त्यांच्या मांडीवर होती. त्यांची मोठी बॅग यायची होती, आम्ही दोघांनी गप्पा मारल्या. ते मूळचे ग्वाल्हेरचे, लेकीकडे सुदामानगरला आले आहेत. त्यांची बॅग आधी आली, मग माझी. तिच्या मुठीला ओळखीसाठी मी लाल खणाची चिंधी बांधलेली असते. २०१९च्या ओटीतला तो खण, नारळाबरोबर तोही गेला असता तर आज खुणेला काही उरले नसते.

बाहेर आले तर बिजासन टेकडीच्या बाजूला ऊन कलले होते आणि आमचा तो वेळेची किंमत जाणणारा तरुण ताठ बॅग, पाठपिशवी आणि जाकीट घेऊन अजून तिथेच उभा होता. त्याच्या टॅक्सीवाल्याने येणे रद्द केले होते, असे फोनवरच्या बोलण्यावरून कळले. मला हसू आले, हे कबूल करते. मग त्याने आपणहून पुढे होऊन आजोबांची बॅग त्यांच्या जावयाच्या गाडीत चढवून दिली, तेव्हा माझे हसू जरा ओशाळले. मुलगा वाईट नसावा. त्याच्या घरी त्याला कोणी नारळ दिला नसावा.

नारळ आता ओट्यावर आहे. उद्या फोडते, वाटीला पूर्ण साखर. आई फेसबुकवर नाही म्हणून हे सगळे लिहिता आले. चिरंजीव आहेत. त्यांनी हे वाचावे, पण आजीला फोनवर वाचून दाखवू नये.