टॉवर बदलला म्हणून डेटा कापत नाहीत

‘लातूर-नांदेड एसटीत फोन दर टॉवरला हजेरी लावतो आणि तो डेटा आपल्या पॅकमधून जातो, गाडीत नेट बंद ठेवा,’ असा मेसेज फिरतोय. आमच्या ग्रुपवर तर तीनदा आला.

खिशात गप पडलेला फोन दर टॉवरला हजेरी लावतच नाही. 4जीमध्ये बऱ्याच टॉवरांचा मिळून एक टापू असतो, आणि फोनला अशा 16 टापूंपर्यंत यादी देता येते. यादीबाहेर गेला तरच तो कळवतो. शिवाय अधूनमधून एकदा, मानकातली मूळ वेळ 54 मिनिटांची. चाकूर मागे पडतं, अहमदपूर येतं, फोन ढिम्म!

खरी कसरत नेटवर्कची. टापू मोठा ठेवला तर हजेऱ्या कमी, पण फोन नेमका कुठाय ते ठाऊक नसतं, मग एका कॉलसाठी कितीतरी टॉवरांवरून हाका माराव्या लागतात. लहान ठेवला तर उलटं. हा भार कंपनीच्या यंत्रणेवर. हे निरोप वेगळ्या वाटेनं जातात, पॅकमध्ये मोजले जात नाहीत.

बोलताना किंवा व्हिडिओ चालू असताना मात्र टॉवर खरंच पटापट बदलतात. तिथंही पॅक खातो तो व्हिडिओच. बॅटरीचं गाऱ्हाणं तेवढं रास्त आहे: रेंज गेली की फोन टॉवर शोधत बसतो.