‘डॉक्टरसमोर कसली लाज?’ : अमळनेरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अमळनेरकर, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिच्याखाली ‘अगदी बरोबर बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग लागली, तेव्हा गप्प बसवेना.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष. डॉक्टरांना ते सांगायच्या आधी पोटात जो गोळा उठतो त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर अमळनेरकर म्हणतात, “डॉक्टरसमोर कसली लाज? त्यांना दिवसाला शंभर पेशंट, तुमच्याकडे बघायला वेळ कोणाला आहे?” पुढे त्यांचं म्हणणं असं की, पुण्याला गेलेली पोरं खानदेशाला मागास ठरवून टाळ्या घेतात. आपल्या जिल्ह्यात तृतीयपंथी उमेदवार निवडून येते, तरी यांचं रडगाणं सुरूच. चालू औषधं डॉक्टरांपासून लपवणं जिवावर बेतू शकतं, आणि माझा लेख वाचून आणखी दहा जण लपवतील. आणि शेवटी, “फारच त्रास होत असेल तर मानसोपचारवाल्यांना दाखव, बाळ.”

आधी त्या ‘बाळ’चं बघू. मी चौतिशीत आहे, माझ्या डोक्यावर घराचं कर्ज आहे. मला बाळ म्हणायचा हक्क माझ्या आजीला होता, आणि ती आता नाही. तुमचं वय मला माहीत नाही, नावही माहीत नाही. तुम्ही गावाच्या नावाआड बसून लिहिता. ज्याला स्वतःचं नाव लिहायचा संकोच वाटतो, त्याने दुसऱ्याला ‘कसली लाज’ विचारावं, याची गंमत वाटली.

एक मान्य करतो. डॉक्टरांवर कामाचा बोजा असतो. सरकारी ओपीडीत तर मान वर करायला फुरसत नसते, आणि त्यातले बरेच जण मनापासून काम करतात. यात वाद नाही.

पण मला डॉक्टरांची लाज वाटत होती, असं मी कुठे लिहिलंय? तुमच्या डोळ्यांसमोर दवाखाना म्हणजे बंद खोली, टेबलाच्या अलीकडे पेशंट आणि पलीकडे डॉक्टर. मी भुसावळचा. आमच्या घरच्या डॉक्टरांकडे टेबलाशेजारी एक स्टूल आणि भिंतीला लागून बाकडं. स्टुलावर मी, बाकड्यावर माझ्या पुढचे तिघं-चौघं. कारण मे महिन्यात बाहेरच्या पत्र्याखाली बसवत नाही आणि कूलर आत आहे. कंपाउंडर केसपेपर हातात घेऊन दारातून जुनं नाव खणखणीत आवाजात पुकारतो, ‘कुमारी’सकट. मी उठलो की बाकड्यावरची एखादी मावशी डोळे बारीक करून विचारते, “तू मास्तरनी आंडेर ना वं?” म्हणजे, मास्तरांची मुलगी ना तू? मी मान हलवतो. डॉक्टर वडिलांची शाळा कशी चाललीय ते विचारतात, कारण त्यांचा मुलगा वडिलांच्याच वर्गात होता. आणि मग म्हणतात, “हं, बोल, काय होतंय?”

बोला, अमळनेरकर. तुम्ही त्या स्टुलावर काय सांगितलं असतं? तुम्ही सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कॉलनीत आणि रात्री जेवायच्या आधी घरात पोचलं असतं. वेळ कोणाला आहे म्हणता? बाकड्याला भरपूर वेळ असतो.

आणि मी हे पुण्यात बसून रंगवत नाहीये. मी नाशिकला जाऊन टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलं, तेही तिथल्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, पण राहायला भुसावळलाच होतो. आवाज फुटायला लागला. घरच्यांनी धरून याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ दाबून घसा बघितला, म्हणाले इन्फेक्शन आहे, आणि अँटिबायोटिकचा कोर्स दिला. मी तो निमूटपणे घेतला. आई शेजारी उभी होती, काय बोलणार? पुढे रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सोळाच्या वर. टेस्टोस्टेरॉनने लाल पेशी वाढतात, म्हणून तर ते घेणाऱ्याचं रक्त अधूनमधून तपासावं लागतं. पुरुषाला साधारण १३ ते १७ चालतं. पण माझ्या रिपोर्टवर बाईचे आकडे छापलेले, १२ ते १५, त्यामुळे माझा आकडा ठळक अक्षरात. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला, रिपोर्ट जवळ धरून वाचला आणि आईदेखत विचारलं, “सिगारेट ओढतेस का गं?” सिगारेटनेही हिमोग्लोबिन वाढतं, त्यामुळे त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. घरी मात्र आठवडाभर माझ्या ओढणीचा वास घेतला जात होता.

हे सगळं भोगून झाल्यावर कोणी ‘कसली लाज’ म्हणतं तेव्हा कानशिलं तापतात. तेवढं समजून घ्या, किंवा नका घेऊ.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. निवडून आलेल्या म्हणजे भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायतीतल्या अंजली पाटील. मलाही त्यांचा अभिमान आहे. पण महिलांच्या जागेवरचा त्यांचा अर्ज आधी बाद झाला होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने परवानगी दिली तेव्हा त्या लढू शकल्या, हे तुम्ही सोयीने गाळलंत. स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच मान्य केला होता, तरीही कोर्टाची पायरी चढावी लागली. मानसोपचाराचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणात राहिलेलंच नाही, आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मी समुपदेशकाकडे गेलोही होतो, चांगला अनुभव आला, पण तुम्ही ज्या अर्थाने जा म्हणता त्या अर्थाने नाही. औषधं लपवण्याबद्दल माझ्याच लेखात एक ओळ आहे. ती पुरेशी आहे असं मला वाटतं. पोरं माझा लेख वाचून बिघडतील हा आरोप तर मी वाचलाच नाही असं समजतो.

खानदेशाला मी मागास म्हटलेलं नाही. एका दवाखान्याचं बाकडं कसं असतं ते लिहिलं. त्यात तुम्हाला अख्खा खानदेश दिसला, त्याला मी काय करू?

शेवटी खवचटपणे विचारलंत, “मग सांगितलंत की नाही कधी?” सांगितलं. घरच्या डॉक्टरांनाच सांगितलं, दुपारी दवाखाना बंद होताना, कंपाउंडर जेवायला गेल्यावर. ते काय म्हणाले त्यावर वेगळं लिहायचं मनात आहे. पण ते तुमच्या प्रतिक्रियेखाली लिहिणार नाही.