नाजूक अक्षर नावांना शोभतं, पत्त्याला नाही

तुळशीचं लग्न झालं की सांगलीत पत्रिकांची घाई सुरू होते. हल्ली येणारा प्रत्येक जण मोबाईलवर एकच नमुना पुढे करतो: बारीक, तिरकं, लांब वेलांट्यांचं, हातानं लिहिल्यासारखं अक्षर. 'ताई, सगळी पत्रिका याच फॉन्टमध्ये करा.' हे अक्षर मला फार आवडतं, म्हणूनच सांगते, सगळी पत्रिका त्यात करू नका.

वधूवरांची नावं खुशाल करा. ३६ पॉइंटच्या पुढे, भोवती भरपूर कागद मोकळा सोडून. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' साध्या अक्षरात ठेवा, म्हणजे नावातली वेलांटी हवी तशी फिरते. तिथं या अक्षराला तोड नाही.

पण मुहूर्त, निमंत्रक आणि पत्ता १२ पॉइंटला याच अक्षरात घातले की संपलंच. देवनागरीत किती काही शिरोरेषेच्या वर असतं! 'मंगल कार्यालय, सांगली' एवढंच घ्या. दोन अनुस्वार, एक रफार. सोनेरी फॉईलमध्ये केसाएवढी रेघ तुटते, टिंब कागदावर बसत नाही आणि आपली सांगली 'सागली' होते. गडद कागदावर पांढऱ्या शाईनं स्क्रीन प्रिंटिंग केलं तर उलटाच त्रास. शाई पसरते, 'थ'ची गाठ बुजते आणि नवरदेव 'समर्थ'चा 'समर्य' होतो. ज्याच्या घरचं कार्य, त्याला हे किती लागतं ते मी पाहिलंय.

यातले बरेच फॉन्ट इंग्रजी वळणावर बेतलेले असतात. टोकदार निब, खाली येताना दाब, वर जाताना हलका हात. आपलं अक्षर बोरूचं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, त्यामुळे जाडी-बारीकपणा दाबातून नाही, हाताच्या दिशेतून येतो आणि शिरोरेषेलाही अंग येतं. ती रेघच केसाएवढी केली की अक्षरं विस्कटतात. झरझर लिहायची आपली रीत तर होतीच की, मोडी! आडवी रेघ आधी ओढायची आणि हात शक्यतो न उचलता अक्षरं जोडत जायचं. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दप्तरातले कागद असेच लिहिलेले. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक यादीतही आहे. तिचं वळण बालबोध, म्हणजे देवनागरी अक्षरात उतरवून कुणीतरी नाजूक मराठी फॉन्ट करावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

पत्त्यालाही हातचंच अक्षर हवं असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' बघा. मोफत आहे, बारीक, मध्यम, ठळक अशा तीन जाडीत मिळतो. नाहीतर सरळ 'मुक्ता' वापरा. हळदीच्या पाकिटाचंही तेच: नाव नाजूक चालेल, वजन आणि तारीख स्वच्छ हवी. दुकानाच्या पाटीवर मात्र हे अक्षर नकोच, विश्रामबागेतून गाडीवरून जाताना कुणाला वाचता येणार?

आणि प्रूफ मोबाईलवर मोठं करून पास करू नका. खऱ्या मापात प्रिंट काढा, आजीच्या हातात द्या, मुहूर्त वाचायला सांगा. तिनं न अडखळता वाचला की मगच फॉईलचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, करायला टाका.