तांबडं पाणी वेगळं, गटाराचं पाणी वेगळं

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे, अमेरिकेत पालिका रस्त्यावरचे हायड्रंट, म्हणजे आग विझवायचे नळ, उघडून पाणी फुकट सोडते, त्या दिवशी घरोघरी गटाराचं तांबडं पाणी येतं, ते विषारी असतं, ही गोष्ट लपवली जाते, तेव्हा तिकडच्या मुलाबाळांना पाणी उकळून प्यायला सांगा. खाली पुस्ती: ‘इंदुरातही हेच चाललंय.’

आधी गटाराचं बघू. तिथल्या रस्त्याखालच्या लाइनी घरांच्या गरजेपेक्षा जाड असतात, कारण आग लागली तर एका हायड्रंटमधून मिनिटाला तीन-चार हजार लिटर पाणी निघावं लागतं. आंघोळी-भांड्यांना एवढं थोडंच लागतं? त्यामुळे एरवी पाणी आत रेंगाळतं आणि बिडाच्या पाइपाचा गंज, पाण्यातलं लोह, मँगनीज तळाशी बसतं. हायड्रंट उघडला की वेग वाढतो आणि हा साका उसळतो. बराचसा रस्त्यावर वाहून जातो, राहिलेला आसपासच्या नळांत उतरतो. बहुधा काही तासांत पाणी निवळतं. म्हणजे घाण पाइपातलीच, बाहेरून आलेली नव्हे.

विषारी? अमेरिकेच्या मानकांत लिटरमागे लोह ०.३ मिलिग्रॅम आणि मँगनीज ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादा मुख्यतः रंग, चव आणि डाग यांसाठी आहेत. पण म्हणून ते पाणी प्या, असं मी म्हणणार नाही. मँगनीज जास्त असेल तर तान्ह्या बाळांना त्रास होऊ शकतो, तेव्हा बाळाचं दूध त्या पाण्यात कालवू नये. घराला जुना शिशाचा पाइप असेल तर उसळलेल्या गाळाबरोबर शिसंही येऊ शकतं. मेसेज लिहिणाऱ्याने खरं तर इथे घाबरवायला हवं होतं, ते राहूनच गेलं.

उकळण्याचा सल्ला मात्र साफ चुकीचा. उकळून जंतू मरतात. लोह जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. गार पाण्याचा नळ पूर्ण उघडून स्वच्छ धार येईपर्यंत सोडावा. गरम पाण्याचा नळ तोवर बंदच ठेवावा, नाहीतर गाळ गीझरच्या टाकीत जाऊन बसतो. पांढरे कपडे त्या दिवशी धुऊ नयेत, आणि डाग पडलेच तर ब्लीच घालू नये, त्याने ते पक्के होतात.

लपवाछपवीचं म्हणाल तर कुठल्या भागात कधी फ्लशिंग, म्हणजे हायड्रंट उघडून लाइन धुणं, होणार याची सूचना पालिका सहसा आधीच देतात. पाणी वाया जातं, हे खरं. पण लाइनीच्या बंद टोकांशी साचलेल्या पाण्यातलं जंतू मारणारं क्लोरीन संपत जातं, म्हणून ते पाणी बदलावंच लागतं. हायड्रंट वेळेला चालेल का, तेही त्यातच कळतं.

आता पुस्ती. मला खरी चीड तिची आहे. नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढवून आणलेलं पाणी आपल्याकडे दिवसाआड येतं. मधल्या वेळात लाइन रिकामी पडते, दाब उरत नाही, आणि जिथे पाइप फुटका आणि शेजारी ड्रेनेज, तिथे बाहेरचं पाणी आत शिरतं. २०२५ च्या अखेरीस इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसं दगावली. त्याला ‘अमेरिकेसारखंच’ म्हणणं म्हणजे ‘थोड्या वेळाने निवळेल’ असं सांगणं.

नळाला वास आला तर धार निवळायची वाट बघू नका. पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी पिऊ नका, हौदात भरून ठेवू नका, शेजाऱ्यांना सांगा आणि पालिकेच्या ‘इंदूर ३११’ ॲपवर तक्रार टाका. तपासणीला कोणी आलं तर नळाशी शिल्लक क्लोरीन किती, ते विचारा. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं.