९० टक्के मेंदू रिकामा असता तर लकव्यात बोलणं गेलं नसतं

आमच्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर (रावेर-सावदा भागातला, एरवी भाव आणि वादळाशिवाय तिथे काही नसतं) परवा एक लांबलचक फॉरवर्ड आला, आता तोच भाच्याच्या एमपीएससीवाल्या ग्रुपवर पण फिरतोय. म्हणणं असं की माणूस मेंदूचा फक्त १० टक्के वापर करतो, यशस्वी लोक एका वेळी चार कामं करतात, झोप ४ तास पुरे, आणि सलग १२ तास बसलं की पोस्ट पक्की. खाली आइन्स्टाइनचा फोटो, तो तर पाहिजेच.

आधी ते १० टक्के. आइन्स्टाइन असं बोलल्याचा काही पुरावा नाही, पण ते सोडा. आपल्या गल्लीत कोणाला ना कोणाला लकवा झालेला असतो, बघा ना, मेंदूतली एक बारीक नस बंद पडते आणि उजवा हात जातो, बोलणं जातं, घरच्यांची नावं आठवत नाहीत. ९० टक्के जागा रिकामी असती तर दहातल्या नऊ जणांना झटका येऊन कळलंही नसतं! स्कॅनमध्ये पण कायमचा बंद पडलेला असा कोपरा दिसत नाही, झोपेत सुद्धा मेंदूचं काम चालूच असतं. वजन शरीराच्या फक्त २ टक्के आणि निवांत बसल्या बसल्या शरीराची २० टक्के ऊर्जा खातो. एवढा चारा खाणारा बैल कोण दावणीला नुसता बांधून ठेवेल भो?

आता एका वेळी चार कामं. यावर मी जरा जास्त बोलणार कारण यात मी स्वतः तोंडावर पडलोय. मागच्या मे महिन्यात काट्यावर वजनं लिहायला मी बसलो होतो, ऊन ४४-४५, एकीकडे वही, एकीकडे व्यापाऱ्याचा फोन की उद्या गाड्या किती लागतील, आणि मी आपला ऐटीत दोन्ही चालवतोय. शेवटी टोटल झाली तर शेतकरी म्हणतो, भाऊ, माझा एक काटा कमी लागला ना. खरंच, एक अख्खी नोंद गायब. माल तर गाडीत भरून झालेला, मग उतरवून परत मोजा, मजुरांच्या शिव्या खा.

झालं काय, तर मेंदू दोन कामं सोबत करतच नाही, इकडून तिकडे उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत थोडा वेळ जातो नि थोडं काहीतरी सांडतं. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये हेच मांडलं, की काम बदललं तरी लक्षाचा एक तुकडा आधीच्या कामातच अडकून राहतो. आणि डोक्यात एका वेळी धरता येतात त्या वस्तू किती? १९५६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी ७ च्या आसपास सांगितल्या, २००१ मध्ये दुसरे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी तो आकडा ४ वर आणला. म्हणून तर आपण मोबाईल नंबर अठ्ठ्याण्णव, बावीस असा जोड्या करून सांगतो, सुटे दहा आकडे डोक्यात मावत नाहीत. चालकांवरच्या २०१० च्या एका प्रयोगात २०० जणांना गाडीच्या सिम्युलेटरवर बसवून सोबत फोनवर गणितं दिली, काहीच न बिघडता दोन्ही जमलेले निघाले २.५ टक्के, म्हणजे ५ माणसं. फॉरवर्ड वाचणारा प्रत्येक जण स्वतःला त्या पाचात धरतो, गंमत तिथेच आहे.

तेव्हापासून काट्यावर असलो की फोन गाडीच्या डिक्कीत. बस, एवढंच केलं.

४ तास झोप हे तर सरळ घातक आहे. २००३ च्या एका प्रयोगात लोकांना १४ दिवस कमी झोपवलं, ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचं काम एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखं घसरलं, आणि त्यांना स्वतःला वाटत होतं की आपलं बरं चाललंय!

भाचा जळगावला अभ्यासिकेत असाच करत होता, भेटायला गेलो तर पंचायत राजचं एकच पान समोर, तीन रंगांच्या हायलायटरनं भरलेलं, विचारलं ७३वी घटनादुरुस्ती कोणत्या सालची, तर म्हणे, "मामा, आत्ताच तर वाचलं होतं."

म्हणजे १२ तासांचा मुद्दा इथेच आला. बसणं आणि लक्षात राहणं वेगळं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की परत परत वाचणारे ५ मिनिटांनी पुढे असतात पण आठवड्याने मागे पडतात, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे तेव्हा पुढे. भाच्याला एवढंच सांगितलं, पाऊण तास वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर लिही, मग उठून चहा मार आणि रात्री ७ तास झोप. पोस्ट निघेल का ते मी सांगत नाही, जागा किती नि पोरं किती ते सगळ्यांना माहितीये.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट खरी आहे, सरावानं माणूस सुधारतो. जुना काटेवाला घड बघून वजन सांगतो, ते बरोबर पण येतं. पण ते वीस वर्षांच्या घडांमुळे, ९० टक्के मेंदू जागा केल्यामुळे नाही.

आणि हो, ज्या भाऊनं तो मेसेज टाकला त्यानं पहाटे ३:४० ला टाकला होता, सकाळी नऊला तोच परत टाकला. विचारलं तर म्हणे, पहिला मी टाकला होता का?