‘हुतंय की’ आणि लंडनचा ‘कशावरून?’

कोल्हापुरात बांधकामाचा कुठलाही प्रश्न दोन शब्दांत सुटतो : ‘हुतंय की.’ स्लॅबला स्टील कमी पडलं, हुतंय की. क्रश सँडचा डंपर उद्यावर गेला, हुतंय की. फायनल बिलात एक्स्ट्रा आयटम घालायचाय, चहा सांगा, हुतंय की. या दोन शब्दांवर साइट चालवणारा माणूस आरआयसीएसचा, म्हणजे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्सचा सभासद व्हायला निघतो, तेव्हा खरी मजा सुरू होते. संस्था १८६८ ची, राजसनद १८८१ ची. तेव्हापासून तिथली मंडळी एकच प्रश्न विचारत असावीत असा माझा संशय आहे : ‘कशावरून?’

एवढा उपद्व्याप कशासाठी, तर आखातातल्या क्वांटिटी सर्व्हेअरच्या, म्हणजे बांधकामाची मापं आणि खर्च बघणाऱ्याच्या, जाहिरातींत ‘एमआरआयसीएस (आरआयसीएसचा सभासद) असल्यास प्राधान्य’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडेही सनद आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही १९२० ची संस्था, तिला १९३५ साली राजसनद मिळाली आणि तिच्या सभासदाला चार्टर्ड इंजिनिअर होता येतं. पदवी, अनुभव, कागदपत्रं, फी. तो रस्ता सरळ आहे, त्यामुळे त्यावर विनोदी लेख होत नाही.

आरआयसीएसच्या परीक्षेला एपीसी (असेसमेंट ऑफ प्रोफेशनल कॉम्पिटन्स) म्हणतात. मान्य पदवी आणि पाच वर्षांहून कमी अनुभव असेल तर २४ महिन्यांचं प्रशिक्षण आणि ४०० दिवसांची डायरी. पाच वर्षं झाली असतील तर १२ महिने आणि २०० दिवस. दहा वर्षांपुढच्या माणसाला डायरी माफ, थेट मूल्यमापन. डायरी म्हटल्यावर आपला गडी साइटचं रजिस्टर काढतो. त्यात असतं : ‘स्लॅब झाला. पाऊस. सेंटरिंगवाला आला नाही.’ तपशील सगळा खरा, फक्त लिहिणाऱ्यानं नेमकं काय केलं ते कुठंच सापडत नाही. शिवाय पाठीशी एक काउन्सेलर लागतो आणि तो स्वतः सनदधारक असावा लागतो. तो गावात शोधण्यात वेळ घालवू नये. पुण्या-मुंबईला किंवा थेट दुबईला फोन लावावा.

मग येतात लेव्हल, म्हणजे प्रत्येक क्षमतेच्या तीन पायऱ्या. पहिली म्हणजे माहीत आहे, दुसरी म्हणजे केलंय, तिसरी म्हणजे कारणं देऊन सल्ला दिलाय. साधं गिलाव्याचं माप घ्या. बांधकामाच्या मोजणीचं भारतीय मानक, आयएस १२००, सांगतं की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही. अर्ध्यापासून तीनपर्यंत, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर, एकाच बाजूचं वजा करायचं आणि कडांचा गिलावा वेगळा मोजायचा नाही. तीनच्या वर दोन्ही बाजू वजा, कडा मात्र मोजायच्या. म्हणजे ०.६ बाय ०.६ चा व्हेंटिलेटर सुटला, १.२ बाय १.२ ची खिडकी एका बाजूनं गेली आणि २.१ बाय २.१ चा बाल्कनीचा दरवाजा दोन्हीकडून गेला. हे तोंडपाठ असणं ही पहिली लेव्हल. या मापानं आरए बिल (काम चालू असतानाचं हप्त्याचं बिल) तपासलं, ही दुसरी. मिस्त्री म्हणाला, ‘आमच्यात भोक वजा करत न्हाईत सायेब,’ आणि त्यावर तुम्ही मालकाला लेखी कळवलं की करारात मोजणी आयएस १२०० प्रमाणे आहे, मिस्त्रीचं माप धरलं तर इतके रुपये जादा जातात, सबब हे बिल इतक्यालाच पास करावं, ही तिसरी. आपल्याकडे हा सल्ला बहुतेक वेळा पहिल्या मजल्यावर उभं राहून ओरडून दिलेला असतो. पुरावा शून्य.

त्यात ब्रासचा घोळ. खडीचा ब्रास शंभर घनफूट, गिलाव्याचा ब्रास शंभर चौरस फूट, आणि बोलताना दोन्ही नुसते ‘ब्रास’. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत कुणाचा गोंधळ होत नाही. समोरच्या परीक्षकाला मात्र एक ब्रास म्हणजे एकदा २.८३ घनमीटर आणि एकदा ९.२९ चौरस मीटर हे सांगायला गेलात, तर तुमची दहा मिनिटं तिथंच संपली. लिहिताना सरळ मीटर वापरा.

सगळ्यांत जास्त घाम काढते ती केस स्टडी. मर्यादा ३,००० शब्दांची, काम गेल्या दोन वर्षांतलं, आणि त्यातल्या दोन-तीनच मुख्य अडचणी घ्यायच्या : पर्याय काय होते, कुठला का सोडला, कुठला का घेतला. कोल्हापूरकराची अडचण ठरलेली, ती म्हणजे पाऊस. फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९९ च्या रेड बुकात, म्हणजे बांधकाम कराराच्या ठरीव मसुद्यात, कलम ८.४ आहे, अपवादात्मक प्रतिकूल हवामानासाठी ते मुदत देतं, पैसे देत नाही. इथं पहिला मसुदा कोसळतो. जुलैत पाऊस पडणं कोल्हापुरात अपवादात्मक नाही, न पडणं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी गाठते आणि ४३ ला धोका पातळी. हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असताना अनुभवी ठेकेदाराला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? २०१९ चा किंवा २०२१ चा महापूर असेल तर गोष्ट वेगळी. एरवी त्याच महिन्याचे मागच्या वर्षांचे पावसाचे आकडे, मजुरांची हजेरी, आणि ज्या कामानं शेवटची तारीख हलते त्याच कामाला पावसानं अडवलं हे दाखवावं लागतं. शिवाय कलम २०.१ ची नोटीस २८ दिवसांच्या आत. ‘सांगितलं हुतं की चहाच्या टपरीवर’ ही नोटीस धरत नाहीत. तुमच्या कामाचा करार फिडिकचा नसेल तर त्याची कलमं उगाच पाठ करू नका, स्वतःचा करार वाचा. तो ठेकेदाराच्या लेटरहेडवर अर्धं पान असेल, तर त्या अर्ध्या पानातून वाट काढली हीच तुमची केस स्टडी.

लिहिताना आणखी एक रोग जडतो. सगळीकडे ‘आम्ही’. आम्ही टेंडर काढलं, आम्ही वाटाघाटी केल्या. परीक्षक विचारतो, यात तुम्ही कोण? संकोच सोडून ‘मी’ लिहा.

नीतिमत्तेचा विषय थेट लेव्हल तीनला. आचारनियम पाचच आहेत, २ फेब्रुवारी २०२२ पासूनचे. पण इथं घसरलात तर बाकीचं कितीही चांगलं असो, सावरत नाही. प्रश्न साधा येतो : ठेकेदारानं भेट दिली, काय कराल? ‘आपण घेतच नाही’ हे बाणेदार उत्तर अपुरं आहे. भेटीची किंमत किती, टेंडर उघडायचं आहे का, बिल अडकलंय का, कंपनीचं धोरण काय, भेटींच्या नोंदवहीत लिहिलं का, हे सगळं बोलावं लागतं. दिवाळीच्या पुड्याचं एक वेळ निभावेल. गुळाचा अख्खा रवा, म्हणजे ढेप, गाडीच्या डिकीत न विचारता ठेवला जातो तेव्हा खरी परीक्षा असते, आणि फायनल बिलाच्या आदल्या रात्री तांबड्या-पांढऱ्याचं आवतण येतं तेव्हा तर धर्मसंकटच. नाही म्हटलं तर माणूस तुटतो, हो म्हटलं तर सनद.

हितसंबंधांचा नियमही तसाच. टेंडर भरणारा नात्यातला असेल तर आधी लेखी कळवा आणि बाजूला व्हा. सर्व बाजूंनी समजून-उमजून लेखी संमती दिली तरच पुढं जाता येतं, आणि तरीही न गेलेलं बरं असं माझं मत. पण कोल्हापुरात दोन माणसं दहा मिनिटं बोलली की पाहुणे निघतातच. म्हणून मी म्हणतो, टेंडर उघडेपर्यंत ठेकेदाराला गाव विचारू नये.

मुलाखत साठ मिनिटांची, हल्ली ऑनलाइन. दहा मिनिटं केस स्टडीचं सादरीकरण, दहा त्यावर प्रश्न, उरलेला वेळ बाकीच्या क्षमतांवर आणि अध्यक्षांच्या प्रश्नांवर. माहीत नसेल तर ‘तपासून सांगतो, अमुक ठिकाणी बघेन’ म्हटलेलं चालतं. ठोकून दिलेलं लगेच कळतं. शेवटी अध्यक्ष विचारतात, एखाद्या उत्तरात भर घालायची आहे का? नीतिमत्तेचं उत्तर चुकलं असेल तर इथंच दुरुस्त करा. तसं काही नसेल तर आभार मानून गप्प बसा. आपल्या गड्याला हे दुसरं जमत नाही; तो पावसावर पुन्हा सुरू होतो.